वस्तरा खाली ठेवणारे हात

रविवारच्या सुट्टीचा विषय निघाला की नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव निघते. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच १८९० साली याच लोखंड्यांनी मुंबईत आणखी एक सभा घडवून आणली होती. तिची आठवण फारशी कुणी काढत नाही. ती सभा न्हाव्यांची होती. शेकडो न्हावी जमले आणि यापुढे विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असे त्यांनी ठरवले.

स्त्रियांवरील अत्याचार आणि पुरुषांची जबाबदारी, या विषयावर बोलायला सांगितले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा ही सभा आली. पुरुषांनी काय करावे, असे कुणी विचारले की आपल्या तोंडी लगेच ‘रक्षण’ हा शब्द येतो. भावाने बहिणीचे रक्षण करावे, नवऱ्याने बायकोचे करावे. रक्षण कुणापासून, हे मात्र आपण विचारत नाही. त्या न्हाव्यांनी रक्षणाची भाषा केली नाही. त्यांनी आपला हात मागे घेतला, एवढेच. पण हे ‘एवढेच’ फार मोठे होते.

केशवपन म्हणजे काय होते, हे आजच्या तरुणांना सांगावे लागते. नवरा वारला की बाईचे केस उतरवत. कधी कधी ती बाई म्हणजे दहा-बारा वर्षांची पोर असे. अंगावर आलवण येई, ताटातले जिन्नस कमी होत, शुभकार्यात तोंड दाखवायची बंदी होई. आणि वपन एकदा होऊन संपत नसे. केस वाढले की न्हावी पुन्हा घरी येई आणि बाई परसदारी त्याच्यापुढे मान खाली घालून बसे. हे मरेपर्यंत चाले. हुकूम घरातल्या कर्त्या पुरुषाचा, आधार शास्त्राचा, धाक आळीतल्या जिभांचा. पण प्रत्यक्ष काम करणारा हात न्हाव्याचा असे.

आता या साखळीत सर्वांत दुबळी कडी कोणती? न्हावीच. तो खालच्या मानलेल्या जातीचा, त्याचे पोट वस्तऱ्यावर. उच्चवर्णीय घराला नाही म्हणणे म्हणजे बांधलेले गिऱ्हाईक घालवणे. ‘मी काय करणार, मला सांगितले ते मी केले’ असे म्हणण्याचा अधिकार कुणाला असेलच, तर तो त्याला होता. तरी तो तसे म्हणाला नाही. त्याच काळात आगरकर ‘सुधारका’तून केशवपनावर आसूड ओढत होते. त्यांचे लेखन आपण आजही वाचतो आणि वाचलेच पाहिजे. पण त्या सभेतल्या न्हाव्यांपैकी किती जणांची नावे आपण घेतो?

हा विचार त्यांच्यापर्यंत सत्यशोधक चळवळीतून आला होता. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावे, बाळंत व्हावे, कुणी नावे ठेवणार नाही, असे जाहीर केले. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, १८७४ साली त्यांनी दत्तक घेतला. फसवणारा पुरुष नामानिराळा राहतो आणि शिक्षा बाईला होते, हे जोतीरावांनी ओळखले होते.

पण पुरुषांना हे स्पष्ट शब्दांत सुनावले ते एका बाईने. विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर सुरतेला बालहत्येचा खटला चालला. त्यावरून वर्तमानपत्रांत बायकांच्या नीतीवर टीका सुरू झाली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिले. जे दोष बायकांच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत काय, असा त्यांचा रोखठोक सवाल. पुस्तकावर गदारोळ झाला, जोतीरावांच्या स्वतःच्या गोटातही कुरकुर झाली. तेव्हा जोतीरावांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून आपल्याच माणसांचे कान उपटले आणि ताराबाईंची बाजू घेतली. परक्या पुरुषाला दोष देणे सोपे असते. ज्यांच्याबरोबर आपली ऊठबस, त्यांना ‘तुमचे चुकते आहे’ म्हणणे अवघड. जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी गेले, म्हणजे न्हाव्यांनी वस्तरा खाली ठेवला त्याच वर्षी.

चाल तेवढ्याने थांबली नाही, पुढे कित्येक वर्षे ती चालूच राहिली. पण ‘करणाऱ्याने करायचे थांबवावे’ हा मार्ग एकदा दिसला होता. तीनच वर्षांनी धोंडो केशव कर्वे त्याच मार्गाने गेले. १८९१ साली त्यांची पहिली पत्नी वारली. चौतिशीच्या आसपासच्या बिजवराने बारा-तेरा वर्षांची कुमारिका करावी, हा त्या काळचा रिवाज होता. तो हक्क कर्व्यांनी सोडला. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विधवा गोदूबाईंशी लग्न केले. मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. कर्वे घरी आले तर त्यांच्या आईलाही वाळीत टाकू, अशी तंबी दिली. हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ, भारतरत्न, हे सगळे नंतरचे. आधी त्यांनी एक पुरुषी सवलत नाकारली आणि तिची किंमत मोजली.

आता माझ्या समाजाकडे येतो. आमच्याकडे वस्तरा नव्हता, शब्द होता. तीनदा उच्चारला की संसार संपे. मी ज्या मोहल्ल्यात वाढलो तिथे तो शब्द प्रत्यक्ष क्वचितच उच्चारला जाई. उच्चारण्याची धमकी मात्र रोजची. भाजीत मीठ जास्त झाले तरी ती ऐकू येई. मारणारा हात दिसतो, त्याचा वळ दिसतो. ही टांगती तलवार कुणाला दिसत नसे. ती बायकांच्या हळू आवाजात ऐकू येत असे.

चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी त्या आवाजाकडे लक्ष दिले. मराठीत कथा लिहिणारा हा माणूस. १९५६ साली मेहरुन्निसांशी त्यांचा निकाह झाला आणि पाठोपाठ त्यांनी स्पेशल मॅरेज अॅक्टखाली लग्नाची नोंदणीही केली. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. या कायद्याखाली नोंदणी केली की नवऱ्याला तोंडी तलाक देता येत नाही आणि पहिली बायको असताना दुसरी करता येत नाही. म्हणजे दलवाईंनी दुसऱ्या पुरुषांना उपदेश करण्याआधी स्वतःच्या जिभेवरचा तो अधिकार काढून ठेवला.

मग १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. त्यात मेहरुन्निसा होत्या. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. फक्त सात बायका! लोक हसले, संतापले. दलवाईंनी गर्दी जमायची वाट पाहिली नाही. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मंडळ काढले आणि त्याला नाव दिले ‘मुस्लिम सत्यशोधक मंडळ’. जोतीरावांचा धागा इथे पुन्हा हाती येतो. मंडळातले सय्यदभाई या कामाकडे वळले ते स्वतःच्या बहिणीला मिळालेल्या तलाकामुळे. ३ मे १९७७ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षात, दलवाई गेले. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी, सायराबानो आणि तिच्यासारख्या बायका न्यायालयात गेल्या म्हणून. सात जणींच्या मोर्चानंतर एक्कावन्न वर्षांनी! २०१९च्या कायद्याने त्याला तुरुंगाची शिक्षाही आली. नवऱ्याला तुरुंगात धाडून बायकोचे प्रश्न सुटतात का, यावर वाद आहे आणि तो व्हावा. माझे दुःख निराळे आहे. जे दलवाईंनी १९५६ साली आपखुशीने सोडले, ते आमच्यातल्या लाखो पुरुषांनी न्यायालय सांगेपर्यंत का धरून ठेवले?

कायदा नको असे मी म्हणत नाही. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९१९ साली केला होता. देशाला कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा व्हायला २००५ साल उजाडले. कायदा हवाच. पण कायदा मारल्यानंतर येतो. हात उगारण्याआधी जो थांबतो, त्याला कुणीतरी आधी थांबायला शिकवलेले असते.

ते शिकवायचे कुणी? १९९१ साली मुंबईत एका पत्रकाराने वर्तमानपत्रात आवाहन दिले, बायकोला मारहाण करणे चूक आहे असे वाटणाऱ्या पुरुषांनी पुढे यावे. दोनशेच्या वर पुरुषांनी उत्तर दिले. त्यातून १९९३ साली ‘मावा’ म्हणजे ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’ ही संस्था उभी राहिली. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी महाविद्यालयांतल्या मुलांशी बोलू लागले. ‘पुरुष स्पंदनं’ नावाचा दिवाळी अंक निघू लागला, ज्यात पुरुष आपल्या पुरुषपणाबद्दल लिहितात. मुलांना सोळाव्या-सतराव्या वर्षी शरीराबद्दल, प्रेमाबद्दल, नकाराबद्दल बोलायला कुणीच नसते. बाप बोलत नाही, मास्तर टाळतात. मग कट्टा आणि मोबाईल शिकवतात. मुलगी ‘नाही’ म्हणाली तर ‘नाही’चा अर्थ नाही असाच असतो, हे त्या मुलाला सांगणारा एखादा दादा भेटला, तर पुढचा एक अनर्थ टळू शकतो.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने ठराव केला, नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचे नाही. राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. ठरावाने रीत एका दिवसात जात नाही, हे न्हाव्यांच्या सभेनेही दाखवले होते. पण सगळ्या गावासमोर ‘आम्ही हे करणार नाही’ म्हटले, की करणाऱ्याचा हात थोडा तरी अडखळतो.

मित्रहो, अत्याचार एकटा पुरुष करत नाही, त्याला पुष्कळ हात लागतात. हुंड्याची यादी वाचून दाखवणारा मामा असतो, गर्भ मुलीचा आहे हे खुणेने सांगणारा डॉक्टर असतो, भिंतीपलीकडचा आवाज ऐकून टीव्ही मोठा करणारा शेजारी असतो. तक्रार घेऊन आलेल्या बाईला ‘समजून घ्या’ म्हणून परत पाठवणारा हवालदार असतो. मुलीचा फोटो पुढे पाठवणारा मित्र असतो. यातला प्रत्येक जण म्हणेल, मी कुठे मारले?

मुंबईचा तो न्हावीही हेच म्हणू शकला असता. वस्तरा माझा, पण हुकूम त्यांचा, असे. तो तसे म्हणाला नाही. उद्या यादी वाचायची वेळ आली तर मामाने ती वाचू नये, फोटो आला तर मित्राने तो पुढे पाठवू नये, भिंतीपलीकडून आवाज आला तर शेजाऱ्याने उठून बेल वाजवावी. त्यासाठी कुणी शूर असायची गरज नाही. आपल्या हातात काय आहे, ते पाहायची आणि खाली ठेवायची तयारी हवी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)