फाशांनी घडवलेला खेळाडू

बॅकगॅमन म्हणजे चोवीस घरांचा पट, दोघांच्या पंधरा-पंधरा सोंगट्या आणि दोन फासे. आपल्या सारीपाटासारखी ही शर्यतच. एकटी सापडलेली सोंगटी मार खाते आणि तिला पुन्हा पहिल्यापासून निघावं लागतं. संगणकाची पंचाईत होते ती फाशांपायी. दानं एकवीस तऱ्हेची आणि प्रत्येक दानावर साधारण वीस चाली शक्य, म्हणून बुद्धिबळातल्यासारखं खूप पुढचं मोजून ठेवायची सोय नाही. पट पाहताक्षणी कोण वरचढ हे कळावं लागतं.

ही नजर यंत्राला देण्याच्या खटपटीत आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रातले जेरल्ड टेसॉरो होते. त्यांच्या न्यूरोगॅमन या प्रोग्रॅमची शिकवणी अगदी घरगुती. टेसॉरो स्वतःच दोन्ही बाजूंनी चारशे डाव खेळले आणि त्यांतल्या चाली त्याच्या न्यूरल नेटवर्ककडून घोटून घेतल्या. १९८९ साली लंडनच्या पहिल्या कॉम्प्युटर ऑलिम्पियाडमध्ये न्यूरोगॅमन जिंकला. पण गुरूच्या खोडीही शिष्यात उतरल्या असणारच.

मग गुरूलाच रजा दिली तर?

१९९२ च्या सुमारास आलेला टेसॉरो यांचाच टीडी-गॅमन स्वतःशीच खेळून शिकला. रिचर्ड सटन यांनी १९८८ मध्ये मांडलेली पद्धत त्यामागे होती: आधीच्या पटाबद्दलचा अंदाज पुढच्या पटाच्या अंदाजाशी ताडायचा, फरक पडेल त्या मानाने नेटवर्कमधली वजनं हलवायची आणि डाव संपला की खऱ्या निकालाशी मेळ घालायचा. नेटवर्क तसं चिमुकलंच. प्रत्येक घरासाठी दोन्ही रंगांचे चार-चार आकडे, म्हणजे १९२. मार खाल्लेल्या व बाहेर निघालेल्या सोंगट्या आणि पाळी यांचे आणखी सहा. सुरुवातीच्या प्रयोगांत मधल्या थरात अवघे चाळीस घटक. डावपेचांचं अक्षरही कोणी शिकवलेलं नव्हतं, तरी हे नेटवर्क न्यूरोगॅमनच्या तोडीचं निघालं.

पहिले डाव म्हणजे निव्वळ गोंधळ. माणसांचा डाव पन्नास-साठ चालींत आटोपतो. हे कधीकधी हजारो चाली रेंगाळत. पण संपत, कारण फासे सोंगट्यांना घराकडे रेटतच राहतात आणि दर वेळी नव्याच पेचात नेऊन टाकतात. एकाच चाकोरीत फिरायची मुभाच नाही. १९९८ मध्ये जॉर्डन पोलॅक आणि अॅलन ब्लेअर यांनी त्याहून कितीतरी साध्या युक्तीने बऱ्यापैकी खेळणारं नेटवर्क तयार केलं आणि यशाचं बरंच श्रेय या खेळाच्याच पदरात टाकलं. त्यांचं म्हणणं पटण्याजोगं आहे. बुद्धिबळात आणि ‘गो’मध्ये स्वतःशी खेळून शिकण्याची हीच कृती लगेच फळली नव्हती.

पंधरा लाख डावांनंतरची टीडी-गॅमनची २.१ ही आवृत्ती माजी जगज्जेते बिल रॉबर्टी यांच्याशी चाळीस डाव खेळली आणि एकूण एकाच गुणाने हरली. त्याहून गंमत आरंभीच्या चालींची. दोन-एक, चार-एक किंवा पाच-एक पडलं की एक्क्याने पाचव्या घरात सोंगटी उघडी ठेवायची, हा जाणत्यांचा रिवाज होता. टीडी-गॅमनला त्यापेक्षा मागची सोंगटी एक घर सरकवणं पसंत. खेळाडूंनी पडताळलं, आणि तो रिवाज स्पर्धांतून जवळपास नाहीसा झाला.

पुढे जेलीफिश, स्नोई आणि फुकट मिळणारा ग्नू बॅकगॅमन याच वळणाने घडले. आज एवढं नेटवर्क साध्या लॅपटॉपवर शिकवता येतं, म्हणून नवख्या प्रोग्रॅमरांसाठी हा प्रकल्प सोयीचा. त्यांना छळतात ते नियमच: मार खाल्लेली सोंगटी आत आणल्याशिवाय दुसरी हलवता येत नाही, जोड दान पडलं तर चार चाली मिळतात, आणि दोन्ही फासे वापरणं शक्य असेल तर एकावर भागवून चालत नाही.