ग्राहकनोंदींचे क्रमांक : आधी नियम, मग संगणक

कोल्हापूर - ग्राहकाची पहिली चौकशी, त्याला दिलेले दरपत्रक, त्याची मागणी, बीजक आणि नंतरची तक्रार या साऱ्या नोंदी एकत्र ठेवणारे सॉफ्टवेअर 'ग्राहक संबंध व्यवस्थापन' अर्थात सीआरएम या नावाने ओळखले जाते. या नोंदींना एकमेकींशी बांधून ठेवणारा धागा म्हणजे नोंदीचा क्रमांक. प्रणाली बसविताना रंग, बोधचिन्ह, अहवाल यांवर बरीच चर्चा होते. क्रमांकाची रचना मात्र घाईत उरकली जाते. त्याचा त्रास मार्चअखेरीस हिशेब जुळविताना होतो.

नाव पुरेसे का नाही?

कोल्हापुरातील कोणत्याही व्यापाऱ्याच्या यादीत पाटील आडनावाचे अनेक ग्राहक असतात. चौगुले हे आडनाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते. त्यामुळे एकाच ग्राहकाची दोन खाती उघडली जाणे किंवा दोघांची उधारी एकाच खात्यावर पडणे अशक्य नाही. हा प्रश्न जुन्या व्यापाऱ्यांनाही ठाऊक होता. म्हणूनच रोजकीर्दीतील प्रत्येक नोंदीसमोर 'खा. पा.' म्हणजे खतावणीतील खाते पान लिहिण्याची पद्धत होती. संगणकातील क्रमांक हेच काम करतो.

उपसर्ग आणि अनुक्रम

बहुतेक प्रणालींत क्रमांकाचे दोन भाग असतात : नोंदीचा प्रकार दाखविणारा उपसर्ग आणि वाढत जाणारा अनुक्रम. शुगरसीआरएमपासून २००४ मध्ये वेगळ्या झालेल्या व्हीटायगर या प्रणालीत प्रत्येक विभागासाठी उपसर्ग व सुरुवातीचा आकडा ठरविण्याची स्वतंत्र सोय आहे. उपसर्ग बदलला तरी जुन्या नोंदींचे क्रमांक तसेच राहतात. बदल पुढील नोंदींना लागू होतो.

आकड्यांपूर्वी शून्ये देणे हिताचे असते. उपसर्गासह असलेला क्रमांक संगणक अक्षरांप्रमाणे लावतो. त्यामुळे शून्ये नसतील तर यादीत १० हा २ च्या आधी येतो. पाच स्थाने ठेवून ००००२, ०००१० असे लिहिल्यास क्रम बिघडत नाही.

क्रमांकात माहिती किती भरावी?

तालुका, विक्री प्रतिनिधीची आद्याक्षरे, व्यवसायाचा प्रकार असे सारे ग्राहक क्रमांकात कोंबण्याचा मोह होतो. तो टाळावा. वाहनावरील एमएच-०९ ही अक्षरे ते कोल्हापुरात नोंदले गेल्याचे सांगतात. आज ते पुण्यात धावत असेल, हे सांगत नाहीत. तसेच, गोकुळ शिरगावचा ग्राहक उद्या कागलच्या पंचतारांकित वसाहतीत गेला, तर गावाचे अक्षर असलेला क्रमांक खोटा ठरतो. बदलणारी माहिती वेगळ्या रकान्यात ठेवावी. क्रमांकाने ओळख सांगावी, वर्णन करू नये.

बीजकाचे नियम वेगळे

ग्राहक क्रमांकांच्या ओळीत एखादा आकडा सुटला तरी बिघडत नाही. बीजकाचे तसे नाही. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नियम ४६ नुसार बीजकाचा क्रमांक सलग, त्या आर्थिक वर्षात एकमेव आणि १६ चिन्हांपेक्षा अधिक नसलेला हवा. अक्षरे, अंक, आडवी व तिरकी रेघ एवढीच चिन्हे चालतात. एकापेक्षा अधिक मालिका ठेवता येतात; त्यामुळे शाखांना स्वतंत्र मालिका देणे शक्य आहे. रोमन लिपीतील 'केओपी' ही तीन अक्षरे, तिरकी रेघ, २५-२६, पुन्हा तिरकी रेघ आणि ००००१ अशी रचना १५ चिन्हांत बसते. 'केओपी'ऐवजी आठ अक्षरी 'कोल्हापूर' लिहिल्यास ती २० वर जाते.

जीएसटीआर-१ विवरणपत्राच्या १३ व्या तक्त्यात पहिला व शेवटचा क्रमांक, एकूण दस्तऐवज आणि रद्द केलेले दस्तऐवज दाखवावे लागतात. म्हणून चुकलेले बीजक प्रणालीतून पुसून टाकू नये, 'रद्द' अशी नोंद करून ठेवावे. ई-बीजक करणाऱ्यांनी अधिक दक्ष राहावे. तेथे शून्याने किंवा रेघेने सुरू होणारा क्रमांक स्वीकारला जात नाही आणि रद्द केलेला क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. विवरणपत्रात बीजकाचा क्रमांक चुकला, तर खरेदीदाराच्या वहीशी मेळ बसत नाही आणि त्याची कर वजावट अडकू शकते. विक्रेत्याच्या चुकीचा भुर्दंड ग्राहकाला पडतो.

तक्रार आणि हीट नंबर

शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फौंड्री उद्योगात क्रमांकाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. ओतीवावरील हीट नंबरवरून तो कोणत्या वितळणीतील आहे आणि त्या धातूचा तपासणी अहवाल कोणता, हे शोधता येते. तक्रारीच्या नोंदीत तक्रार क्रमांक, बीजक क्रमांक आणि हीट नंबर असे तिन्ही रकाने ठेवल्यास दोष एका भागाचा की संपूर्ण वितळणीचा, हे तपासणे सोपे होते.

प्रारंभी करावयाची कामे

* विदा आयात करण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवावी आणि दुहेरी नावे तपासावीत.
* वहीतील किंवा एक्सेलमधील जुना क्रमांक स्वतंत्र रकान्यात जपावा. ग्राहक अनेकदा तोच सांगतात.
* बीजकाचा क्रमांक सीआरएममध्ये तयार होणार की हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, हे आधी ठरवावे. दोन्हीकडे स्वतंत्र क्रमांक पडू देऊ नयेत.
* क्रमांकाची रचना बदलण्याचा अधिकार एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवावा.
* १ एप्रिलला बीजकाची नवी मालिका सुरू करावी. ग्राहकाचा क्रमांक मात्र वर्ष बदलले तरी बदलू नये.

सॉफ्टवेअर पुढे बदलता येते. ग्राहकाच्या हाती गेलेल्या बीजकावरचा क्रमांक मात्र परत घेता येत नाही; त्यामुळे ही रचना पहिली नोंद करण्यापूर्वीच कागदावर निश्चित करावी.