औषध–डीएनए बंधनाचा वर्णपटीय अभ्यास

औषधाचा रेणू डीएनएला कोठे, कसा व किती घट्ट जोडला जातो, हे प्रकाशाच्या शोषणात व उत्सर्जनात होणाऱ्या बदलांवरून ठरविण्याच्या पद्धतींना औषध–डीएनए बंधनाचा वर्णपटीय अभ्यास असे म्हणतात. डॉक्सोरुबिसिनसारखी कर्करोगविरोधी औषधे थेट डीएनएशी जोडली जातात. त्यांची क्रिया समजून घेण्यासाठी व नव्या संयुगांच्या प्राथमिक चाचणीसाठी या पद्धती वापरतात. प्रयोगांत बहुधा वासराच्या थायमस ग्रंथीपासून मिळविलेला डीएनए घेतात.

बंधनाचे प्रकार

सिस्प्लॅटिन हे औषध मुख्यतः ग्वानिनच्या सातव्या स्थानावरील नायट्रोजनशी सहसंयुजी बंध तयार करते. इतर अनेक औषधांचे बंधन असहसंयुजी असते. त्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत :

• आंतरनिवेशन : सपाट वलयी रेणू लगतच्या दोन बेसजोड्यांमध्ये शिरतो. ही कल्पना लिओनार्ड लर्मन यांनी १९६१ मध्ये अ‍ॅक्रिडीन रंजकांच्या अभ्यासावरून मांडली.
• खाच-बंधन : रेणू द्विसर्पिलाच्या खाचेत बसतो. नेट्रॉप्सिन व हेक्स्ट ३३२५८ हे अ‍ॅडेनीन–थायमिनबहुल भागातील अरुंद खाचेत बसतात.

प्रमुख पद्धती

अतिनील-दृश्य शोषण : डीएनएचे कमाल शोषण सुमारे २६० नॅनोमीटर तरंगलांबीला होते. औषधाची संहती स्थिर ठेवून द्रावणात डीएनए टप्प्याटप्प्याने मिसळतात. आंतरनिवेशनात औषधाचे शोषण सामान्यतः घटते व शोषणपट्टा अधिक तरंगलांबीकडे सरकतो. या बदलांवरून बंधन स्थिरांक काढता येतो.

अनुस्फुरण : इथिडियम ब्रोमाइड डीएनएमध्ये शिरल्यावर त्याचे अनुस्फुरण अनेक पटींनी वाढते. याउलट डॉक्सोरुबिसिनचे अनुस्फुरण डीएनएशी जोडले गेल्यावर मंदावते. डीएनएला आधीच जोडलेल्या इथिडियमची जागा औषध घेते का, हे स्पर्धात्मक प्रयोगातून तपासतात.

वृत्तीय द्विवर्णता : यात डाव्या व उजव्या वर्तुळ-ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातील फरक मोजतात. बी-रूपातील डीएनए सुमारे २७५ नॅनोमीटरला धन व २४५ नॅनोमीटरला ऋण पट्टा दाखवतो. स्वतः द्विवर्णता नसलेले औषध डीएनएशी जोडले गेल्यावर त्याच्या शोषणपट्ट्यात प्रेरित संकेत दिसू शकतो. अरुंद खाचेतील बंधनात हा संकेत बहुधा तीव्र व धन असतो.

निष्कर्षांच्या मर्यादा

शोषणातील घट हा आंतरनिवेशनाचा एकमेव पुरावा मानता येत नाही. औषधाचे रेणू डीएनएच्या पृष्ठभागावर एकमेकांवर रचले गेल्यासही तसाच बदल दिसू शकतो. इथिडियमचे अनुस्फुरण घटले म्हणजे ते विस्थापित झालेच असेही नाही. औषध स्वतःच उत्तेजक प्रकाश शोषत असेल किंवा अनुस्फुरणाचे शमन करत असेल, तरी हीच घट दिसते. धनभारित औषधांचा बंधन स्थिरांक द्रावणातील क्षार वाढविल्यास कमी होतो; त्यामुळे वेगवेगळ्या परिस्थितींत मिळालेल्या मूल्यांची थेट तुलना करता येत नाही.

या कारणांमुळे वर्णपटीय निरीक्षणांना अन्य पुराव्यांची जोड देतात. आंतरनिवेशनामुळे डीएनएची लांबी वाढते व द्रावणाची श्यानता वाढते. खाच-बंधनात ही वाढ सहसा दिसत नाही. बंधनाची नेमकी रचना क्ष-किरण स्फटिकविज्ञानाने कळते. डॉनोरुबिसिनची वलये बेसजोड्यांमध्ये व शर्करा अरुंद खाचेत असल्याचे १९८० मध्ये या पद्धतीनेच दिसून आले.