'जखम भरली' या रकान्याच्या पुढे

गेल्या दिवाळीत फर्दापूरला घरी गेले, तेव्हा माझ्या प्रश्नावलीचा पहिला मसुदा बॅगेत होता. माझा विषय तुम्हाला माहीत आहे: चेतातंतूंना झालेली इजा आणि जखम भरल्यानंतरही टिकून राहणारी वेदना. गाइडने सांगितलं होतं, आधी घरच्या चार माणसांवर फॉर्म भरून बघ, कुठे अडखळतंय ते कळेल. पहिली सापडली आत्या. अकरा वर्षांपूर्वी तिचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं होतं, उजव्या बरगड्यांखाली लांब छेद घेऊन. मी एकेक प्रश्न विचारत गेले. ऑपरेशन कधी? टाके कधी काढले? पू झाला होता का? जखम भरली का? ती म्हणाली, "भरली." मी खूण केली, फॉर्म संपला.

चहा ठेवायला उठताना तिने उजव्या कुशीवर तळवा दाबून धरला. मी म्हटलं, "आत्या, दुखतंय का गं अजून?"

"मंग? अकरा वर्षं झाले. आभाळ आलं की जास्तच."

"मग आत्ता सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलं जखम भरली का. भरली ना."

सहा महिने साहित्य वाचून तयार केलेला फॉर्म चहाच्या आधीच बाद झाला. त्या दिवसापासून मी एकाच गोष्टीच्या मागे आहे. 'जखम भरली' हा शेवटचा रकाना नोंदींमध्ये किती जुना आहे, आणि त्याच्या पुढे काय चाललंय हे कुणाला, कधी विचारावंसं वाटलं? शोधायला फार लांब जावं लागलं नाही. सुरुवात आमच्याच घाटाच्या डोक्यावर झाली.

अजिंठा म्हटलं की सगळ्यांना १८१९ आठवतं. मद्रास सैन्यातला जॉन स्मिथ शिकारीला आला, त्याला लेणी दिसली आणि दहा नंबरच्या लेण्यात त्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख आपल्या नावासह कोरून ठेवली. टी-पॉइंटवर गारांचे दगड विकणारी पोरंसुद्धा ही गोष्ट सांगतात. त्याआधी सोळा वर्षं, १८०३ मध्ये, घाटावरचं अजिंठा गाव हे युद्धातल्या जखमींचं हॉस्पिटल होतं, हे मात्र मला पीएचडीला लागेपर्यंत माहीत नव्हतं.

२३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई झाली. केळणा आणि जुई नद्यांच्या मधल्या जागेत दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेवर आर्थर वेलस्लीने हल्ला केला. शिंद्यांच्या तोफखान्याने त्याच्या सैन्याची चाळण केली. शेवटी लढाई इंग्रजांनी जिंकली, पण हिशेब मोठा होता: ४२८ ठार, ११३८ जखमी, १८ बेपत्ता. यात गोरे सैनिक होते, तसे कंपनीचे हिंदी शिपाईही होते. जखमींना ठेवायचं कुठे हा प्रश्न लगेच उभा राहिला. निजाम इंग्रजांचा दोस्त होता, तरी त्याच्या दौलताबादच्या किल्लेदाराने जखमींना किल्ल्यात घ्यायला नकार दिला. मग त्यांना अजिंठ्याच्या तटबंदीच्या आत आणलं. असईपासून अजिंठा सरळ रेषेत साधारण पस्तीस किलोमीटर भरतं. त्या काळच्या वाटांवरून, पावसाळा जेमतेम सरलेला असताना, तुटलेलं हाड घेऊन डोलीत किंवा बैलगाडीत पडून केलेला तो प्रवास होता. ऑक्टोबरमध्ये वेलस्ली घाट उतरून खाली आला आणि त्याच्या काही पत्रांवर छावणीचं ठिकाण म्हणून आमच्या फर्दापूरचं नाव आहे, इंग्रजी कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं.

११३८ हा आकडा इतका नेमका का, याचा विचार करा. सेनापतीला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात: आज किती माणसं उभी राहू शकत नाहीत, आणि त्यातली किती परत रांगेत येतील. जखमी, मेला, बरा होऊन पलटणीत परतला, नाहीतर कायमचा निकामी झाला. या चार खान्यांत माणूस बसला की कारकुनाचं काम संपलं. ज्याची जखम भरली पण थंडीच्या रात्री हात पेटल्यासारखा होतो, त्याच्यासाठी पाचवा खाना नव्हता. यात कुणाचा दुष्टपणा होता असं नाही. नोंदवही ज्या कामासाठी उघडली जाते तेवढंच विचारते, माझ्या फॉर्मसारखं.

मराठी बाजूच्या जखमींना तर तेवढंही नशीब नाही. मैदानावर पडलेल्या शत्रूच्या मृतांचा अंदाज वेलस्लीने १२०० सांगितला आणि जखमी सगळ्या मुलखात विखुरलेत एवढंच कळवलं. ते भोकरदन-सिल्लोडकडच्या खेड्यांत कुणाच्या तरी ओसरीवर पडून राहिले असतील. त्यांची यादी कुणी केली नाही.

आता त्याच्या नऊ वर्षं मागे, पुण्याला जाऊ. ही गोष्ट प्लास्टिक सर्जरीच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात असते. कावसजी नावाचा शेतकरी जातीचा मराठा, इंग्रज फौजेत बैल हाकणारा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीटभट्टीवाल्या जातीच्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी उलटवून नवीन नाक बसवलं. क्रुसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांच्या देखत हे झालं. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचं वर्णन चित्रासह छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यूने १८१४ मध्ये लंडनमध्ये तसंच ऑपरेशन केलं. पुढचा इतिहास तुम्ही वाचलेला आहे.

पण त्या वृत्तांतात एक गोष्ट चटकन निसटते. टिपूच्या माणसांनी कावसजीचं फक्त नाक कापलं नव्हतं, एक हातही कापला होता. हाताचा उल्लेख नाकाच्या सोबत येतो आणि तिथेच संपतो. नाक कसं मोजलं, मेणाचा साचा कसा केला, कातडी कुठे वळवली, किती दिवसांनी देठ कापला, हे सगळं बारकाईने आहे, कारण वाचकाला ते हवं होतं. थोटा हात भरून आला होता. भरलेल्या हातात सांगण्यासारखं काय? पण चेतातंतूंच्या बाजूने बघितलं तर त्या माणसाची खरी कठीण जागा बहुतेक मनगटाशी होती.

का, ते थोडक्यात सांगते. नस कापली गेली की तुटलेल्या टोकाच्या पुढचा भाग मरतो. हे ऑगस्टस वॉलरने १८५० मध्ये बेडकांच्या नसांवर दाखवलं. मागचा भाग मात्र जिवंत राहतो आणि परत वाढायला लागतो, माणसात ढोबळमानाने दिवसाला एक मिलिमीटर. समोर जुनी वाट सापडली तर ठीक. हातच नसेल, किंवा मध्ये वणाची घट्ट ऊती आली असेल, तर हे कोवळे धागे तिथेच गुंतून बसतात आणि त्यांची गाठ होते. विहिरीवर मोटर चालू, पुढे पाइप तुटलेला, तसं काहीसं. उपमा अर्धवटच आहे, कारण ही गाठ कुणी हात लावला नाही तरी आपोआप संदेश पाठवत राहते आणि मेंदू ते संदेश जुन्याच पत्त्यावरून आले असं समजतो. गेलेल्या हाताची बोटं दुखतात. कावसजीच्या नवीन नाकातही याचीच सौम्य आवृत्ती असणार. कपाळाचा देठ कापेपर्यंत अशा नाकाला स्पर्श केला तर माणसाला तो कपाळावर जाणवतो, कारण नसांचा पत्ता अजून कपाळाचाच असतो.

कावसजीला हात दुखत होता, असं मी म्हणत नाही. म्हणता येणारच नाही. शक्यता होती आणि प्रश्न विचारला गेला नाही, एवढंच म्हणता येतं. संशोधनाच्या पहिल्या वर्षात या दोन वाक्यांतला फरक बऱ्याचदा पुसला जातो. माझाही पुसला गेला होता, गाइडने लाल पेनाने परत काढून दिला.

विचारणारी माणसं होती, पण विरळ. गेलेल्या अवयवात वेदना होते हे फ्रेंच शल्यवैद्य आंब्रोआज पारे याने सोळाव्या शतकातच लिहून ठेवलं होतं. माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची नोंद १८१३ ची आहे. असईचा वेलस्ली तोवर वेलिंग्टन झाला होता आणि १८१२ मध्ये त्याच्या फौजेने स्पेनमधला बादाहोसचा किल्ला घेतला. त्या हल्ल्यात एका सैनिकाच्या दंडातून गोळी गेली. जखम रीतसर भरली. चार खान्यांच्या हिशेबाने माणूस बरा. पण अलेक्झांडर डेन्मार्क नावाच्या डॉक्टरला तो कायम एकाच अवस्थेत दिसायचा: हात कोपरात वाकवलेला, दुसऱ्या हाताने घट्ट धरलेला, चेहऱ्यावर घाम. आग होते, म्हणायचा. शेवटी हात कापला आणि वेदना थांबली. कापलेल्या हातात नस उकलून बघितली, तर तिच्या धाग्यांत शिशाचा बारीक तुकडा रुतून बसलेला. डेन्मार्कने काही नवीन यंत्र वापरलं नव्हतं. भरलेल्या जखमेच्या माणसाकडे त्याने परत बघितलं.

अर्थात दर वेळी हात कापून वेदना जात नाही, उलट नवी सुरू होऊ शकते. म्हणून ही गोष्ट उपचाराची म्हणून वाचू नका.

पन्नास वर्षांनी अमेरिकेच्या यादवी युद्धात हेच काम मोठ्या प्रमाणावर झालं. फिलाडेल्फियात नसांच्या जखमांसाठी वेगळं हॉस्पिटल निघालं आणि विअर मिचेलने दोन सहकाऱ्यांसोबत १८६४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातले सैनिक आग होणारा हात सतत ओल्या फडक्यात ठेवायचे, बुटात पाणी ओतायचे. मिचेलने या जळत्या वेदनेला कॉझाल्जिया हे नाव दिलं आणि १८७१ मध्ये गेलेल्या अवयवाच्या जाणिवेला फँटम लिंब म्हटलं. त्याआधी १८६६ मध्ये त्याने याच विषयावर नाव न देता एक कथा छापली होती. वाचकांना ती इतकी खरी वाटली की कथेतल्या नायकासाठी लोकांनी पैसे गोळा केले!

ही सगळी युद्धातली माणसं. आत्या युद्धावर गेली नव्हती. ऑपरेशनचा छेदसुद्धा नसेला जखमच असतो, हे सरळ वाटतं, पण ते आकड्यांत दिसायला १९९८ उजाडलं. क्रॉम्बी, डेव्हिस आणि मॅक्रे यांनी उत्तर ब्रिटनमधल्या दहा पेन क्लिनिकमधले ५१३० रुग्ण घेतले आणि दुखणं कशामुळे सुरू झालं ते बघितलं. २२.५ टक्के रुग्णांत ऑपरेशनचा वाटा होता, १८.७ टक्क्यांत इजेचा. इथे एक सापळा आहे आणि मी स्वतः त्यात सेमिनारमध्ये पडले आहे. याचा अर्थ 'ऑपरेशन झालेल्या २२.५ टक्के लोकांना कायमची वेदना होते' असा नाही. छेद पेन क्लिनिकच्या रुग्णांचा आहे, ऑपरेशन झालेल्या माणसांचा नाही. आणि हा टक्का उचलून १८०३ च्या ११३८ जखमींना लावायचा मोह झाला, तर पेन खाली ठेवा.

त्याच्या आधी १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फने दुसरा धागा पुढे आणला होता. इजेनंतर फक्त नस बिघडत नाही, मज्जारज्जूतल्या पेशीही अतिसंवेदनशील होतात, त्यामुळे साधा स्पर्शसुद्धा दुखू शकतो. साडीची निरी टोचते असं एखादी बाई म्हणाली तर तो नखरा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, ऑपरेशन किंवा इजेनंतर तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या वेदनेला स्वतःचा कोड मिळाला. पाचवा खाना आला.

मराठीत तो तोंडी कधीपासूनचा आहे. मुका मार म्हणतो आपण, वर काही न दिसणाऱ्या दुखापतीला. ठणका वेगळा, ठसठस वेगळी, चमक वेगळी.

नवीन फॉर्म करताना याच शब्दांनी मला वाचवलं. नसेच्या वेदनेसाठी वापरतात त्या डीएन-४ या फ्रेंच प्रश्नावलीत जळजळ, बोचरा गारवा, विजेचा झटका, झिणझिण्या, सुया टोचणं, बधिरपणा, खाज असे प्रश्न असतात. मी आधी 'वेदना आहे का?' असं शुद्ध मराठीत लिहिलं होतं. आत्याने विचारलं, "वेदना म्हंजी बाळंतपनाची?" मग एकेक करत बदललं. विजेच्या झटक्याचं 'करंट बसल्यावानी' झालं. झिणझिण्यांना तिने 'मुंग्या' म्हटलं. जळजळ तिला पोटातली वाटली, म्हणून तिथे 'आग मारते का' आलं.

दुसऱ्यांदा फॉर्म भरला तेव्हा 'जखम भरली का' हा प्रश्न तिसऱ्या नंबरवर होता आणि त्याच्या पुढे अजून चौदा. सातव्याला ती थांबली, कुशीवरून बोट फिरवत म्हणाली, "इथं बधिर हाय. अन् बधिर हाय तिथंच दुखतं. असं असतं का गं कुठं?"

असतं, म्हटलं. दोन्ही खुणा कर.

ती विचारत होती की हे डॉक्टरला सांगायचं असतं का.

पुढच्या महिन्यात तिला घेऊन संभाजीनगरला जायचंय, पेनच्या ओपीडीत. तारीख मिळालीय.