दिल्लीचा फोड आणि मार्टिनिककर

वाळूमाशी चावलेल्या जागी पुटकुळी येते, पुढे तिची खोलगट जखम होते. दुखत फारशी नाही, पण लवकर भरतही नाही. इंग्रजांनी इथे तिला ‘दिल्लीचा फोड’ म्हटलं. तोच फोड पश्चिमेकडे बगदादचा आणि अलेप्पोचा झाला. इराणी लोकांनी मात्र गावाला मध्ये ओढलंच नाही. ते म्हणतात ‘सालक’. यातलं ‘साल’ म्हणजे आपल्या सालगड्यातलं, सालाबादमधलं साल. आपण ते फारसीतूनच घेतलं. फोड बरा व्हायला वर्षभर जातं, म्हणून सालक. (त्वचेचा रोग म्हटल्यावर कांद्याची साल आठवते, पण ती साल वेगळी.) रोग्याला पहिल्यांदा जे विचारायचं असतं, त्याचं उत्तरच या नावात आहे.

शास्त्रीय नावांना हे जमलेलं नाही. 1903 मध्ये बोस्टनला जेम्स होमर राइट यांनी आर्मेनियातून आलेल्या एका बालरुग्णाच्या फोडातले परजीवी पाहून ‘हेल्कोसोमा ट्रॉपिकम’ असं नाव ठेवलं. ग्रीक ‘हेल्कोस’ म्हणजे व्रण. पुढे हेल्कोसोमा मागे पडून विल्यम लीशमन यांच्यावरून ‘लीशमानिया’ आलं, ‘ट्रॉपिका’ तेवढं टिकलं. आणि दिल्ली, बगदाद, अलेप्पो, आर्मेनिया ही सगळी कर्कवृत्ताच्या उत्तरेला!

लॅटिन ‘-एन्सिस’ म्हणजे आपला ‘-कर’. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरच्या रुग्णांत सापडलेल्या लीशमानियाच्या एका जातीला 2014 मध्ये ‘मार्टिनिकेन्सिस’ नाव मिळालं, म्हणजे मार्टिनिककर. पण हे मार्टिनिककर थायलंडमधल्या रुग्णांतही निघाले. जन्मात सातारा न पाहिलेले सातारकर आपल्याकडे काय कमी आहेत? थायलंडमध्ये आधी ‘सियामेन्सिस’ हे नाव चालत होतं, पण त्याला नियमाप्रमाणे लागणारं जातीचं वर्णन कधी प्रसिद्धच झालं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली हे परजीवी एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा असे. डीएनए ताडून पाहिला तेव्हा त्या एका नावाखाली दोन जाती निघाल्या. एक मार्टिनिककरच. दुसरी, नान प्रांतातल्या रुग्णाच्या त्वचेतली, 2018 मध्ये ‘ओरिएंटालिस’ ठरली, म्हणजे उगवतीकडची. नाव ठेवणाऱ्यांत थाई संशोधक होतेच. तरी ही उगवती बँकॉकहून नव्हे, रोमहून मोजलेली दिसते.