डी ड्राइव्हमधली आजी: विंडोज ११ टाकण्याआधीची गोष्ट

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद झाला. दिवाळी आठवड्यावर आलेली, पुंडलिकनगरच्या आमच्या घरात साफसफाई चालू, आणि कॉम्प्युटर रोज सांगतोय, अपग्रेड करा. मी पप्पांना म्हटलं, "रविवारी विंडोज ११ टाकून देतो. तुमच्या फाइली डी ड्राइव्हला आहेत ना? मग काही जात नाही."

पप्पा म्हणाले, "मागच्या वेळी पण हेच ऐकलं होतं रे."

मागची वेळ म्हणजे २०१४. त्या वर्षी ८ एप्रिलला विंडोज एक्सपीचा सपोर्ट संपला आणि एक जण घरी येऊन विंडोज ७ टाकून गेला. त्याने सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, डी ला हातही लावला नाही. सगळ्या फाइली जागेवर होत्या, पण उघडल्या की आत मराठी नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, सगळी खिचडी. तो म्हणाला, "व्हायरस लागलाय, फाइली करप्ट झाल्या." आम्ही मान डोलावली.

त्यात एक फाइल आजीची होती. २००३ साली पप्पा रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसायचे आणि ती सांगेल ते टाइप करायचे. रझाकारांचे दिवस, सप्टेंबर १९४८ ची पोलीस ॲक्शन, तिचं गाव. प्रिंट काढायची राहून गेली. आजी २०११ ला गेली. आणि २०१४ पासून आम्ही धरून चाललो होतो की तिची फाइलही गेली.

फाइल गेलेली नव्हती. ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

कॉम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. सुरुवातीला हे आकडे इंग्रजीपुरते वाटलेले होते. मराठीचं काय? या प्रश्नावर आयआयटी कानपूरमध्ये काम झालं आणि पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. तिथलं 'जिस्ट' कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं की डॉसच्या काळ्या स्क्रीनवरही देवनागरी दिसायची. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाची आकड्यांची प्रमाण मांडणीही ठरली, १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली.

पण नव्वदच्या दशकात घरोघरी, दुकानोदुकानी विंडोज आलं आणि लोकांनी सोपी वाट धरली. फॉन्टची वाट. युक्ती अशी, की फाइलमध्ये इंग्रजी अक्षरच साठवायचं, फक्त फॉन्टमध्ये त्या अक्षराच्या जागी देवनागरी चित्र काढून ठेवायचं. कृतिदेव हा त्यातलाच फॉन्ट. कृतिदेवमध्ये 'मराठी' टाइप केलं की फाइलमध्ये खरंतर साठतं ई, जे, के, कॅपिटल बी, एच. फॉन्ट असेल तर 'मराठी' दिसतं. फॉन्ट नसेल तर ही पाच इंग्रजी अक्षरं.

आता लक्षात आलं? आजीची फाइल डी ड्राइव्हला होती. फॉन्ट मात्र सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये होता आणि फॉरमॅटमध्ये तोच उडाला. पप्पा मराठी टाइपरायटरवर शिकलेले. कॉम्प्युटर घेताना दुकानदाराने फॉन्ट टाकून दिला होता, फाइल उघडली की आपोआप मराठी दिसायचं. फॉन्ट ही वेगळी वस्तू असते आणि तीही जपायची असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

गंमत म्हणजे यावरचा कायमचा उपाय तोवर येऊन बरीच वर्षं झाली होती. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा मिळाली, तीही इस्कीच्या मांडणीवरून बेतलेली. तिथे 'म' म्हणजे ०९२ई. जगातल्या कुठल्याही मशीनवर तो 'म'च. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसकट हा सपोर्ट आला. एक्सपीमध्येही होता, पण तो सेटिंगमध्ये जाऊन वेगळा चालू करावा लागायचा. टाइपरायटरची सवय झालेली बोटं आणि नेहमीचा फॉन्ट, दोन्ही सुटेनात. म्हणून २००३ मध्येही आमच्या घरात जुन्याच पद्धतीचं मराठी टाइप होत होतं.

तर त्या रविवारी आम्ही अपग्रेड केलाच नाही. आधी फाइल वर्डमध्ये उघडली. खिचडी तशीच, पण वर फॉन्टच्या चौकोनात नाव होतं, कृतिदेव. फॉन्ट मशीनमध्ये नसला तरी वर्ड त्याचं नाव दाखवतं. जुन्या सीड्यांच्या डब्यात फॉन्ट सापडला, टाकला, फाइल परत उघडली. अकरा वर्षांनी आजी समोर. पप्पा काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले.

मग लगेच पीडीएफ केली, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधला जातो. पण पीडीएफ फक्त बघायला बरी. त्यातून मजकूर कॉपी केला की परत खिचडीच. म्हणून मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये नेला, आणि इथे खरं काम निघालं. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप व्हायची. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं नेमकं उलट. कन्व्हर्टरने ही अदलाबदल नीट केली नाही तर शब्द मोडतो. आजीने सांगितलं होतं, पितळेची भांडी विहिरीत सोडून ठेवली होती. आमच्याकडे आलं 'िविहरीत'. 'दुसऱ्या'चं झालं 'दुसर्या'. शेवटी मी पीडीएफ बघून मोठ्याने वाचायचो आणि पप्पा युनिकोडची प्रत दुरुस्त करायचे. तीन संध्याकाळी गेल्या.

त्यानंतर अपग्रेड. आमचं मशीन २०१९ चं, आठव्या पिढीचं आय-थ्री. तपासणीत म्हणे टीपीएम २.० नाही. होतं, फक्त बायोसमध्ये बंद होतं, ते चालू केलं. फाइली, पीडीएफ आणि फॉन्ट असं सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलं आणि ती डिस्क काढून ठेवली. बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहिली. इन्व्हर्टर चार्ज आहे ना, बघितलं. आहे त्या विंडोजवरूनच अपग्रेड केलं तर फॉन्ट सहसा टिकतात, फॉरमॅट मारून नवं टाकलं तर उडतात. आणि अपग्रेड नाहीच जमला तर दहा दिवसांत परत जुन्यावर जाता येतं. एक अजून: विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे, त्यामुळे फार जुनी १६ बिट सॉफ्टवेअरं त्यावर चालतच नाहीत. त्यात काही अडकलं असेल तर ते आधीच बाहेर काढा.

मंडळी, 'डी ला आहे, सेफ आहे' हे आपण सगळेच म्हणतो. फाइल सेफ असतेही. पण जुन्या मराठी फाइलचा अर्थ फाइलमध्ये नसतो, फॉन्टमध्ये असतो. तुमच्याही घरी एखादा जुना कॉम्प्युटर असेल, कपाटात पडलेली हार्ड डिस्क असेल. फॉरमॅट मारायच्या आधी घरात एकदा विचारा, "यात मराठीत कुणी काही टाइप केलं होतं का?" आणि उघडल्यावर खिचडी दिसली तर करप्ट म्हणून डिलीट करू नका. फॉन्टच्या चौकोनातलं नाव वाचा.

आजीची फाइल आता माझ्या फोनमध्ये आहे. सर्चमध्ये 'विहिरीत' टाकलं की बरोबर त्या पानावर जाते. आत्याला व्हॉट्सॲपवर पाठवली, तर तिचा फोन आला, "भांडी विहिरीत नव्हती रे, आडात होती." आता ते बघतोय. भेटू पुढच्या भागात.