बेबीताई कांबळे : ‘जिणं आमुचं’च्या लेखिका आणि निवासी शाळेच्या संस्थापिका

बेबीताई कोंडिबा कांबळे (१९२९ – २१ एप्रिल २०१२) या आंबेडकरी चळवळीतील कार्यकर्त्या, लेखिका आणि फलटणजवळच्या निंभोरे गावातील निवासी शाळेच्या संस्थापिका होत. ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनामुळे त्यांचे नाव महाराष्ट्राबाहेरही पोहोचले. त्यांच्या शाळेबद्दल मात्र आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. त्यांचे जीवन समजून घ्यायचे तर पुस्तक आणि शाळा या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

बालपण आणि शिक्षण

बेबीताईंचा जन्म पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात वीरगाव येथे आजोळी झाला. वडील पंढरीनाथ बांधकामाची कंत्राटे घेत. गरजूंना मदत करण्यात त्यांची कमाई जाई, पण पत्नीला मात्र ते घराच्या चौकटीबाहेर पडू देत नसत. समाजासाठी झटणारा माणूसही घरात बाईला कोंडून ठेवू शकतो, हे बेबीताईंनी लहानपणीच पाहिले आणि पुढे निर्भीडपणे लिहिले.

फलटणच्या मुलींच्या शाळेत महार मुलींना वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसवत. या मुलींची सवर्ण मुलींशी रोज भांडणे होत. बेबीताईंचे शालेय शिक्षण चौथीपर्यंतच झाले, पण बाबासाहेबांच्या विचारांनी भारलेल्या पिढीत त्या वाढल्या. मुलांना शिकवा, देवाधर्मावरचा खर्च थांबवा, हा बाबासाहेबांचा संदेश वस्तीतल्या बायकांनी कसा उचलून धरला, याचे वर्णन त्यांच्या पुस्तकात आहे.

संसार आणि दुकान

तेराव्या वर्षी त्यांचे लग्न कोंडिबा कांबळे यांच्याशी झाले. दुसऱ्याच्या हाताखाली राबण्यापेक्षा स्वतःचा धंदा करावा, या विचाराने दोघांनी आधी द्राक्षे विकली, मग भाजीपाला आणि पुढे किराणा मालाचे दुकान थाटले. त्यांना दहा मुले झाली, त्यांतली तीन दगावली. मुले सांभाळत त्यांनी दुकान चालवले. पुड्या बांधायला आणलेली रद्दी हे त्यांचे वाचनालय होते. त्या कागदांवरचे वाचता वाचता त्या लिहू लागल्या.

हे लिखाण त्यांनी सुमारे वीस वर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवले. नवऱ्याचा संशय आणि मारहाण यांबद्दलही त्या पुढे मुलाखतीत मोकळेपणाने बोलल्या. चळवळीतील आपल्या घरांनी हा भाग वाचताना नजर चुकवू नये, असे आम्हाला वाटते.

‘जिणं आमुचं’

फलटणला राहून अभ्यास करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी हे लिखाण प्रकाशात आणायला प्रोत्साहन दिले. १९८२ मध्ये ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘द प्रिझन्स वी ब्रोक’ २००८ मध्ये आला. दलित स्त्रियांच्या सुरुवातीच्या आत्मकथनांत या पुस्तकाची गणना होते. गावकीची वेठ, बाळंतिणीची उपासमार, पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात अडकवलेला लाकडी खोडा हे सारे त्यात आहे. जातीची गुलामी आणि घरातली गुलामी त्यांनी एकाच पुस्तकात मांडली.

निंभोऱ्याची शाळा

शिकून नोकरीला लागलेले लोक वस्तीकडे पाठ फिरवतात, याचे बेबीताईंना फार दुःख होते. त्यांनी हा राग लिखाणातून व्यक्त केला आणि कृतीतूनही उत्तर दिले. समाजातील मागास घटकांच्या मुलांसाठी त्यांनी निंभोऱ्यात शासनमान्य निवासी शाळा उभी केली.

निवासी शाळा चालवणे म्हणजे काय, हे कार्यकर्त्यांनी नीट लक्षात घ्यावे. मंजुरीचे कागद, हजेरीपट, धान्याचा साठा, अनुदान उशिरा आले तर उधारी, रात्री तापाने फणफणलेले मूल, सुट्टीला घरी जाऊन परत न आलेले मूल हे सारे सांभाळावे लागते. भाषणाला टाळ्या मिळतात, या कामाला मिळत नाहीत. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने हे ओझे उचलले, यातच ‘शिका’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट होतो. आपण शिकलो की काम संपत नाही. आपल्या मागे राहिलेल्याला शाळेपर्यंत आणायचे असते.

आज आपल्यासाठी

बेबीताईंनी लिहून ठेवले म्हणून आपल्याला त्यांची ओळख झाली. शाळा, वसतिगृहे, विहारातले वर्ग चालवणाऱ्या कितीतरी आयांची नावे केवळ संस्थेच्या जुन्या हिशेबवह्यांत आणि इतिवृत्तांत पडून आहेत. आपल्या गावातल्या, वस्तीतल्या अशा एका तरी माउलीला भेटून तिचे काम तिच्याच शब्दांत नोंदवून ठेवावे. तिची शाळा अजून चालू असेल, तर आधी तिथे काय कमी आहे ते विचारावे.

जय भीम!